राबणारीलाच मालकीण करा : 'उमेद'ला खुलं पत्र

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी,
'उमेद' – महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान



गावोगावच्या बचत गटांच्या वह्या तपासणं आणि ताईंना हिशेब शिकवणं, हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. २०११ साली 'उमेद' सुरू झाली, तिच्या आधीचे गट मी पाहिलेत आणि नंतरचेही. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी मुंबईच्या गिरणगावातल्या खाणावळवाल्यांना 'अन्नपूर्णा' या संस्थेत एकत्र आणलं आणि सरकारी बँकेचं कर्ज त्यांच्यापर्यंत पोहोचवलं. तेव्हा ते केवढं तरी धाडस होतं. आज तेच काम तुमच्यामुळे राज्यभरातल्या खेड्यांत रोजच्या रोज होतं. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, नोंदी ही शिस्त आता अंगवळणी पडली आहे. सावकाराच्या ओट्याखाली उभी राहणारी बाई बँकेत साहेबांसमोर खुर्चीवर बसून बोलते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याबद्दल मनात कृतज्ञता आहे.

माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. बाई कर्ज घ्यायला शिकली, फेडायलाही शिकली. धंद्याची मालकी मात्र अजून तिच्या हाती आलेली नाही.

पापडाचंच घ्या. होळीच्या सुमाराला गावात वाळवणं सुरू होतात. उडदाचं पीठ पापडखार आणि हिंग घालून घट्ट भिजवायचं, तेलाचा हात लावून ते मऊ होईस्तोवर कुटायचं, लांब वळकटी करून दोऱ्यानं लाट्या कापायच्या. कुटणारीचे खांदे रात्रभर ठणकतात. अशाच एका गटात बसले असताना दारात टेम्पो आला. व्यापाऱ्यानं सुटा माल किलोवर उचलला, नोटा मोजून दिल्या आणि निघून गेला. शहरात तो माल त्याच्या नावाच्या पिशवीत जाणार, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. गटाकडे स्वतःचं लेबल होतं, फूड लायसन्सही होतं. मग याला का देता, असं मी विचारलं. एक ताई म्हणाल्या, "हा हातावर पैसे ठेवतो. दुकानदार म्हणतो, माल ठेवून जा, महिन्यानं या."

या उत्तरात अडाणीपणा कुठेही नाही. घरात किराणा भरायचा आहे, मुलीची फी भरायची आहे आणि बँकेचा हप्ता दर महिन्याला ठरल्या तारखेला जायचा आहे. म्हणजे ज्या कर्जानं बाईला उभं केलं, त्याच कर्जाची तारीख तिला व्यापाऱ्याच्या दारी नेते. कर्ज कमी पडतं म्हणून हे होत नाही. माल तयार झाला त्या दिवसापासून गिऱ्हाइकाचे पैसे येईपर्यंतचे दिवस कोणी सोसायचे, याचं उत्तर आपल्या व्यवस्थेत नाही म्हणून होतं.

दुसरं दुखणं 'महालक्ष्मी सरस'सारख्या प्रदर्शनांत दिसतं. प्रदर्शनं हवीतच. आपल्या मालाला मुंबईकर दाम मोजतो, हे पाहून ताईंच्या चालण्यात फरक पडतो. पण एका रांगेत हिंडून पाहा. शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, लिंबाचं लोणचं, कुरडया आणि पापड, आणि प्रत्येक टेबलावर लेबल वेगळं. एका तालुक्यातल्या बायका एकमेकींच्या स्पर्धक होऊन बसतात, भाव खाली आणतात आणि उरलेली पाकिटं पोत्यात भरून परततात. आवडलेली चटणी पुन्हा हवी असेल, तर गिऱ्हाइकानं ती आणायची कुठून? आपण प्रत्येकीला वेगवेगळी उद्योजिका करायला निघालो आहोत. एकटीच्या ताकदीवर ना घाऊक उडीद स्वस्तात मिळत, ना दुकानदाराशी उधारीवरून दोन शब्द बोलता येत.

मुंबईतच याचं उत्तर साठ वर्षांहून जास्त काळ उभं आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर जसवंतीबेन पोपट आणि त्यांच्या सहा शेजारणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल पारेख ऊर्फ छगनबापा यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून पहिल्या वर्षी काम चार महिने बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. छगनबापांनी त्यांच्याकडे दोन गोष्टींचा आग्रह धरला : हिशेब चोख ठेवायचा, आणि स्वस्तातला हलका पापड काढायचाच नाही. तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही, हा नियमही तेव्हापासूनचा. हीच ती 'लिज्जत'. आज तिच्या सभासद, म्हणजे 'बहिणी', पंचेचाळीस हजारांच्या आसपास आहेत आणि वर्षाची उलाढाल हजार कोटींच्या पुढे आहे.

हे आकडे सगळे सांगतात. मला महत्त्वाची वाटते ती शाखेतली सकाळ. बहिणी येतात, आदल्या दिवशी घरी लाटून वाळवलेले पापड देतात. वजन होतं, तपासणी होते, वणईचे म्हणजे लाटणावळीचे पैसे मिळतात, नवं पीठ घेऊन बाई घरी जाते. गिऱ्हाइकाचे पैसे कधी येतील, ही काळजी तिच्या एकटीच्या डोक्यावर नाही, ती संस्थेनं घेतली आहे. उडीद, हिंग, मिरी यांची खरेदी एकत्र होते, म्हणून चव सगळीकडे सारखी. नफा शाखेतल्या बहिणींत सारखा वाटला जातो आणि तोटाही त्यांचाच. सगळ्यांत मोलाचा नियम सभासदत्वाचा आहे : काम करणारी बहीणच सभासद. हिशेबनीस, गाडीचालक हे पगारी नोकर. कितीही पैसे आणले तरी बाहेरच्याला मालकीचा वाटा मिळत नाही.

वणई ही शेवटी वजनावरची मजुरीच आहे आणि ती कोणाला श्रीमंत करत नाही, हे मला मान्य आहे. घरबसल्या कामानं घरातल्या कामाचा भार हलका होतो असंही नाही. तरी आपल्या पापडाच्या भावातला किती वाटा आपल्याला मिळाला, हे ती बाई संस्थेत स्वतः विचारू शकते. टेम्पोवाल्याला मात्र तिला ते विचारता येत नाही.

मालकी सामूहिक केली की काम झालं, असंही नाही. आपल्याच राज्याचा अनुभव समोर आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा शेतकऱ्याच्या घामाला न्याय मिळावा हीच तळमळ होती, आणि त्या कारखान्यांनी नगर-कोल्हापूरकडच्या गावांचं रूप बदललं. सभासद झाला तो ऊस पिकवणारा. ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, जिला आपण 'कोयता' म्हणतो, मुकादमाकडून उचल घेऊन बीडहून येते, थंडीत फडाशेजारी पालात राहते, आणि त्या कारखान्यात तिचा एकही भाग नसतो. तिथे सहकार तिच्यापर्यंत येऊन थांबला. ज्याच्या हातांनी माल घडतो त्याला सोडून उभारलेल्या संस्थेत पुढे मूठभर घराणी मोठी झाली, याचं मला आश्चर्य वाटत नाही.

म्हणून उत्पादक गट आणि महिलांच्या उत्पादक कंपन्या उभ्या करताना पहिली अट हीच ठेवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. भाग त्याच बाईला, जी स्वतः कुटते, लाटते, भाजते, भरते. काम सुटलं की भाग परत. गावातल्या वजनदार घरातली बाई अध्यक्ष आणि तिच्या हाताखाली दहा जणी रोजंदारीवर, असे गट आपल्याकडे आहेत, हे तुमच्या सीआरपी ताईंना, म्हणजे गावपातळीवर गटांसोबत काम करणाऱ्या ताईंना, खासगीत विचारलंत तर त्याही सांगतील. अशा गटाची उलाढाल वाढली की यशोगाथा छापली जाते. मालकी मोजण्याचा रकाना अहवालात आला, तर चित्र वेगळं दिसेल.

आणि पैसा खेळत्या भांडवलासाठी द्या. 'लिज्जत'ला खादी ग्रामोद्योग आयोगानं १९६६ मध्ये मान्यता दिली, ८ लाख रुपयांचं खेळतं भांडवल दिलं आणि करातही काही सवलती मिळाल्या. तोवर बायकांनी सात वर्षं स्वतःच्या हिमतीवर काम करून दाखवलं होतं. सरकारी संस्थेनं नेमकी गरज ओळखून, नेमक्या वेळी हात दिल्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. यंत्रावर अनुदान दिलं तर ते यंत्र पुष्कळदा ताडपत्रीखाली पडून राहतं. त्याच रकमेतून प्रभागसंघानं, म्हणजे परिसरातल्या गावांच्या गटांच्या संघानं, माल आला त्याच दिवशी बाईला पैसे चुकते केले आणि दुकानदाराची महिनाभराची उधारी स्वतः सोसली, तर टेम्पो दारातून रिकामा परत जाईल.

सगळीकडे एकदम करू नका. आपल्या एखाद्या चांगल्या प्रभागसंघापासून सुरुवात करा. पंधरा-वीस गावांचं एकच नाव, एकच माप, एकच प्रत, कच्च्या मालाची एकत्र खरेदी. चवीचा निर्णय ताईंनाच घेऊ द्या, त्यांच्यावर सल्लागार लादू नका. पहिल्या वर्षी तोटा आला तर तो सर्वांसमोर वाचून दाखवायचा, आणि त्यासाठी कोणाची बदली करायची नाही.

वाळवणाचं काम होळीच्या आसपास सुरू होतं, आणि उडीद, हिंग, मिरी त्याआधी भरून ठेवावी लागतात. भांडवलाचा निर्णय संक्रांतीपर्यंत झाला, तर याच हंगामात काम उभं राहील. वह्या आखून द्यायला आणि पहिल्या वर्षाचा हिशेब सांभाळायला मी विनामोबदला येईन. माझ्यासारख्या आणखीही बऱ्याच जणी येतील.

आपली,
बचत गटांच्या वह्या पाहणारी एक कार्यकर्ती