सज्जातील पुदिना

शहापूर तालुक्यातील तानसा व भातसा ही धरणे मुंबईची तहान भागवतात; उन्हाळ्यात मात्र याच तालुक्यातील अनेक पाडे टँकरची वाट पाहतात. म्हणून शेणव्यात घराच्या सज्जात पुदिना लावताना आधी पाण्याचा हिशेब मांडावा. डाळ-तांदळाचे धुवण साठवून न ठेवता लगेच कुंडीत घालावे. एका कुंडीला बहुधा तेवढे पुरते. पुदिन्याची काडी ओल्या मातीत खोचली की मूळ धरते. कुंडीच्या तळाशी छिद्र असावे; पाणी साचल्यास मुळे कुजतात आणि जीवोत्पत्ती होते. शेंडेच खुडावेत, रोप उपटू नये. चातुर्मासात हिरव्या पानांचा त्याग असलेल्या घरी खुडणी थांबवावी. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रोप आपल्या गतीने वाढत राहते.