बँड पोसणारी कढई

आमच्या घिवलीत पहाटेचा पहिला आवाज समुद्राचा, दुसरा मच्छीच्या टेम्पोचा. वर्षभरापासून घरात तिसरा वाढलाय. मुलगा बोईसरहून रात्रपाळी करून आला की मोबाईलवर ‘मेटल’ लावतो. मी म्हटलं, अरे, हे गाणं आहे की पत्रे कापतायत?

त्यानं मला शेजारी बसवलं. यातल्या ‘सिम्फनिक’ प्रकारात म्हणे धडधडत्या गिटार-ड्रम्सच्या जोडीला व्हायोलिनच्या ताफ्यासारखे सूर कीबोर्डवर वाजवतात. फिनलंडमध्ये १९९६ साली निघालेला ‘नाइटविश’ हा त्यातला बडा बँड. त्यात तार्या तुरुनेन ऑपेराच्या आवाजात गायची. खरं सांगते, मला ते आवडलं. २००५ मध्ये बाकीच्यांनी जाहीर पत्र लिहून तिला काढून टाकलं, तेही मोठा कार्यक्रम संपवून. आपल्याकडे निदान तोंडावर भांडतात!

मग तो म्हणाला, ‘‘आई, आपल्या मुंबईतही आहे की.’’ साहिल मखीजानं २००० साली काढलेला ‘डेमॉनिक रेझरेक्शन’. राक्षसाचा पुनर्जन्म! नाव ऐकून मी तुळशीकडे बघितलं. गाणं म्हणजे घशातून गुरगुरणं, मागे तेच भव्य सूर. पण २०१० मध्ये ‘मेटल हॅमर’ या ब्रिटिश मासिकानं त्यांना पुरस्कार दिला, २०१४ मध्ये ते जर्मनीत वाकेनच्या महोत्सवात वाजवून आले. आणि २०१७ च्या अल्बमचं नाव काय, तर ‘दशावतार’! मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहाही अवतार. परशुरामानं समुद्र मागे हटवला, ही गोष्ट ऐकत आम्ही किनाऱ्यावरच्या पोरी वाढलो. त्याचं गाणं मी दोनदा लावायला सांगितलं.

पण मला खरी गंमत वाटली ती पुढेच. पुरस्कारानं कुणाचा गॅस सिलिंडर येत नाही. या साहिलनं ‘हेडबँगर्स किचन’ सुरू केलं. बँडवाल्यांच्या मुलाखती घ्यायच्या आणि त्यांच्यासाठी काहीतरी रांधायचं. पुढे तो भात-साखर टाळणाऱ्या ‘कीटो’ आहाराचे पदार्थ दाखवू लागला, देशोदेशीचे लोक बघू लागले. आज तेच त्याच्या उत्पन्नाचं साधन आहे आणि संगीतही चालू आहे.

मला आधी रागच आला, लपवत नाही. आपण जन्मभर रांधतो त्याला कुणी काम म्हणत नाही. पुरुषानं कढई धरली की तो व्यवसाय!

तरी आमच्या घरातल्या भांडणात मला तो उपयोगी पडला. मुलाची नोकरी कंत्राटी. यांचं म्हणणं, गिटार विकून टाक, त्यानं पोट भरणार आहे का? मी आजवर गप्प बसत होते. आता मात्र ठामपणे सांगितलं, गिटार विकायची नाही. गाण्यानं पोट भरणार नाही हे मलाही कळतं, पण म्हणून गाणं कशाला मारायचं? पोटासाठी दुसरं काही शिकू दे की. आणि घरात आयती शाळा आहे, ती फक्त मुलींसाठीच का?

रविवारी त्याला कांदा चिरायला बसवला. हेडफोन काही काढले नाहीत. बोंबलाच्या कालवणात मीठ दोनदा पडलं. यांनी निमूटपणे जेवून घेतलं आणि गिटारचा विषय काढला नाही.