लाकूड फोडणारा लोडर : घ्यावा, पण एकट्याने नव्हे



घाटाखालच्या गावांतून, म्हणजे वैभववाडी-कणकवलीपासून थेट मालवणच्या किनारपट्टीपर्यंत, आमच्या विभागाकडे अलीकडे एक चौकशी वारंवार येते. "साहेब, तो छोटा लोडर घेऊ का? त्याला लाकडे फोडायचे अवजार जोडता येते म्हणतात. हप्ता ऊस बिलातून जाईल." चौकशी उसाची नसली तरी हप्ता उसाच्या बिलातूनच जायचा आहे. म्हणून ऊस विकास विभागाने यावर बोलणे आम्हास आवश्यक वाटते. आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. यंत्र चांगले आहे. परंतु एकट्या सभासदाने केवळ लाकडांसाठी कर्ज काढून ते घेऊ नये. विकास सोसायटीने किंवा पाच-दहा सभासदांनी मिळून घ्यावे आणि लाकूड हे त्याचे जोडकाम ठेवावे.

गरज खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, घरोघरी गॅस पोचला, तरी न्हाणीचा हंडा अजून लाकडावरच तापतो. उकडा तांदूळ करायचा तर मोठी चूल लागते. बेकरीवाल्यांना लाकूड लागते. आणि आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आगोटीपूर्वी मांगरात सुकी लाकडे पडली नाहीत तर चार महिने घरात धूर आणि डोळ्यांत पाणी. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आंबा, फणस, काजू, माड किती आडवे झाले ते आपण सर्वांनी पाहिले. सरळ सोट व्यापाऱ्यांनी उचलले. पिळाचे बुंधे आणि खोडांचे बेचके मात्र कुणी हात लावीना म्हणून जागेवरच कुजले. कुऱ्हाड आणि घण-पाचर चालविणारा गडी आता मिळत नाही आणि मिळाला तरी असल्या बुंध्याला तो नाहीच म्हणतो.

हा लोडर म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात केलर नावाच्या दोन लोहारकाम करणाऱ्या भावांनी १९५७ साली एका टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्यासाठी, अडचणीच्या गोठ्यात वळेल असे छोटे यंत्र बनविले. त्याचीच सुधारलेली जात पुढे १९६२ पासून बॉबकॅट या नावाने विकली गेली आणि आज लोक कोणत्याही कंपनीच्या असल्या यंत्राला बॉबकॅटच म्हणतात. एका बाजूची चाके थांबवून दुसऱ्या बाजूची फिरवली की ते जागच्या जागी वळते. पुढच्या हातांना बकेट, पंजा, खड्डे घेण्याचा गिरमिट किंवा लाकूड फोडण्याची पाचर, जे हवे ते जोडता येते.

पाचरीचा जोर कोठून येतो, हे कारखान्याच्या सभासदाला समजावून सांगायला नको. चरकाच्या वरच्या रोलवर आपण तेलाचाच दाब देतो. १०० मि.मी. व्यासाच्या सिलिंडरचा दट्ट्या सुमारे ७८ चौरस सें.मी.चा असतो. दर चौ. सें.मी.ला २०० किलो दाब धरला तर जोर १५ टनांवर जातो. मिनिटाला ६० लिटर तेल मिळाले तर ६० सें.मी. लांबीचा ओंडका पाच-सहा सेकंदांत दुभंगतो. परंतु आमच्या मते खरा फायदा फोडण्यात नाही, उचलण्यात आहे. ६० सें.मी. व्यासाचा आणि तेवढ्याच लांबीचा ओला तुकडा दीडशे किलोच्या आसपास भरतो. तो माणसाने उचलून पाचरीखाली धरायचा म्हटले तर कंबर गेलीच. लोडरचे अवजार ओंडक्यावर जमिनीवरच बसते आणि माणसाचा हात मध्ये येत नाही. माडाच्या बुंध्यावर मात्र हे चालवू नये. तो तंतूंचा, फुटण्याऐवजी पिंजतो.

फोडलेले लाकूड लवकर सुकते, हा दुसरा फायदा. ताज्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असते, म्हणजे आपल्या बगॅसइतके. असे लाकूड किलोमागे साधारण १८०० कॅलरी (किलोकॅलरी) उपयोगी उष्णता देते; तेच २० टक्के ओलीपर्यंत सुकले की ३२०० च्या पुढे जाते. वजनावर लाकूड घेणाऱ्या बेकरीवाल्याने ओले लाकूड घेणे म्हणजे पैसे देऊन पाणी घेणे होय. लाकूड ओले असताना फोडावे आणि फोडून सुकवावे. फाल्गुनात फोडले तर वैशाखापर्यंत कडकडीत होते.

आता पैशाकडे येऊ. ५० अश्वशक्तीचे यंत्र तासाला पाच-सहा लिटर डिझेल सहज खाते. त्यावर चालकाचा पगार, तेल, नळ्या, टायर आणि हप्ता. उलट बाजूला काय? एका घरची वर्षाची लाकडे हे यंत्र एका दिवसात फोडून मोकळे होते. उरलेले ३६४ दिवस ते काय करणार? "भाड्याने देऊ" असे प्रत्येकजण म्हणतो. गावात एक ट्रॅक्टर होता तोवर त्याला भाडे मिळत होते. पाच झाले आणि पाचही अंगणात उभे राहिले, हे आपण पाहिले आहे. यंत्र झोपले तरी हप्ता झोपत नाही. विक्रेता फोडण्याचे प्रात्यक्षिक दाखवतो, वर्षाच्या तासांचा हिशेब दाखवत नाही. तो आपण मांडायचा.

सोसायटीने यंत्र घेतले तर हा हिशेब बदलतो. गळिताच्या हंगामात पंजा लावून उसाच्या मोळ्या भरता येतील. घाटाखाली तोडणी टोळ्या अपुऱ्या येतात, तेव्हा भरणीचा भार हलका झाला तरी पुष्कळ. नंतर शेणखत, बांधबंदिस्ती, कलमांचे खड्डे. फेब्रुवारी ते मे लाकडे. पाचर हे त्यातले एक अवजार राहील, सगळा व्यवसाय नव्हे. एक इशारा मात्र ऊसवाले म्हणून देतो. हे यंत्र अडीच-तीन टनांचे असते आणि वळताना जमीन खरवडते. ओलीत खोडव्यात ते घालू नये. माती दडपली की फुटवा मरतो आणि भरणीत वाचवलेले पुढच्या उताऱ्यात जाते.

जिवाच्या गोष्टीत तडजोड नाही. बाजारात स्वस्तात मिळणारा, ट्रॅक्टरला जोडून गरगर फिरणारा स्क्रूचा शंकू घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. लुंगीचा सोगा, पंचा किंवा पदर त्यात सापडला की माणूसच ओढला जातो. लोडरच्या उचललेल्या हातांखाली कधीही जाऊ नये. नळीतून तेल गळते का ते हात लावून पाहू नये, पुठ्ठा धरून पाहावे; २०० किलो दाबाचे तेल कातडीत घुसते.

काही सभासद विचारतात, मग कुऱ्हाडीवर पोट असणाऱ्या माणसाने काय करावे? प्रश्न रास्त आहे. जाड बुंधे यंत्राला द्यावेत, फांद्या तोडणे, फाटे करणे, रचणे ही कामे त्याच माणसाकडे ठेवावीत. त्यातलाच एखादा होतकरू तरुण चालक म्हणून शिकवावा. गावचे यंत्र गावच्याच हाताने चालावे.

आणि शेवटची काळजी. फोडणे सोपे झाले की तोडणे वाढते. आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडे १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहेत. परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात तर २०१३ साली उच्च न्यायालयाने तोडीस मनाई केली. सोसायटीच्या यंत्राने पडलेले, वठलेले आणि परवानगीचे लाकूडच फोडावे, असा ठराव यंत्र घेण्यापूर्वी व्हावा. आपली विहीर आणि व्हाळ ज्या झाडांवर जगतात ती झाडे हप्ता भरण्यासाठी जाऊ नयेत.

सभासदांनी हा विषय आपापल्या सोसायटीच्या सभेत मांडावा. कोणाकडे किती तास काम निघेल, याची लेखी यादी करून गट कार्यालयात आणावी. हिशेब आम्ही बसून करून देऊ. यादीत तास भरले तर यंत्र अवश्य घ्यावे. भरले नाहीत तर ऊस बिलावर सही करण्याआधी पुन्हा एकदा विचार करावा.

— ऊस विकास अधिकारी