खाटेचा विमा आणि रोजची गोळी

वृद्धांच्या आरोग्याचा प्रश्न कुटुंबाच्या पदरात टाकून या देशातील शासन फार काळ मोकळे राहिले. म्हातारपणाचे दुखणे मुलांनी निस्तरावयाचे, मुले नसतील तर ज्याचे त्याने सोसावयाचे, असा जणू अलिखित कायदाच होता. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी आयुष्मान भारत योजनेचा विस्तार झाला आणि सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकास, त्याचे उत्पन्न न पाहता, रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण देऊ करण्यात आले. त्या अलिखित कायद्याला यामुळे तडा गेला, हे मान्य करावयास हवे. ज्या सरकारने ही योजना आणली त्याचे राजकारण पटत नाही, एवढ्याच कारणाने तिच्यातील चांगला अंश नाकारणे शहाणपणाचे नाही. परंतु तडा जाणे म्हणजे भिंत पडणे नव्हे. हा तडा कोठे गेला आणि भिंत कोठे तशीच उभी आहे, हे कार्यकर्त्याने नीट समजून घेतले नाही, तर वस्तीवर गेल्यावर त्याला केवळ जयजयकार करता येईल किंवा केवळ टिंगल. आणि दोहोंचाही म्हाताऱ्या माणसाला उपयोग नाही.

प्रथम, योजना देते काय? सत्तरीच्या पुढील वृद्धास, अथवा घरात दोघेही सत्तरीच्या पुढचे असतील तर त्या दोघांना मिळून, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेत सहभागी असलेल्या सरकारी वा खासगी रुग्णालयात रोख रक्कम न भरता मिळतात. ज्या गरीब कुटुंबांना २०१८ पासूनच या योजनेचा लाभ आहे, त्यांच्यातील सत्तरीपुढील व्यक्तींसाठी ही रक्कम वेगळी व जादा आहे. घरातील तरुणांच्या आजारपणात ती खर्ची पडत नाही. जुना आजार आहे म्हणून कोणी नाकारला जात नाही आणि नोंदणीनंतर प्रतीक्षेचा काळही नाही. खासगी विमा कंपन्यांचा व्यवहार ज्याने पाहिला आहे त्याला या दोन कलमांचे मोल वेगळे सांगावयास नको. वय वाढले की हप्ता वाढवावयाचा आणि आजार दिसला की दार लावून घ्यावयाचे, हा त्या धंद्याचा स्वभाव आहे. नफ्यासाठी चालणाऱ्या विम्याला निरोगी तरुण हवा असतो. आजारी म्हातारा नको असतो. म्हणूनच वृद्धांचा विमा बाजारावर सोडता येत नाही, ही गोष्ट आता सरकारनेही कृतीने कबूल केली आहे. केंद्राच्या अंदाजानुसार साडेचार कोटी कुटुंबांतील सुमारे सहा कोटी वृद्ध या विस्ताराच्या कक्षेत येतात.

आता, योजना काय देत नाही? ती रोजची गोळी देत नाही. रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी परतल्यानंतरचे पंधरा दिवस एवढ्याच काळातील तपासण्या व औषधे तिच्यात धरलेली आहेत. बाह्यरुग्ण म्हणून घेतलेला सल्ला, महिन्याचे औषध, नियमित रक्ततपासणी हे सारे रुग्णाच्या खिशावर राहते. योजना खाटेवर पडल्यावर सुरू होते आणि खाटेवरून उठल्यावर थोड्याच दिवसांत संपते.

म्हातारपणाचे आजार मात्र खाटेपासून सुरू होत नाहीत. ते घरात, ओट्यावर, शेताच्या बांधावर वर्षानुवर्षे मुक्काम करून असतात. रक्तदाब, मधुमेह, दमा, सांधेदुखी, अंधुक होत जाणारी दृष्टी ही त्यांची नावे. यांतील बहुतेकांवर इलाज आहे आणि तो महागही नाही. पण तो रोज घ्यावा लागतो. घरात पैशाची ओढ लागली की सर्वांत आधी म्हातारीची गोळी बंद होते, आणि ती बहुधा स्वतःच बंद करते. नातवाच्या वह्या आल्या, शेताला खत आले, की ‘आता बरे वाटते’ असे सांगून ती एक दिवसाआड गोळी घेऊ लागते. मग तीही सोडते. एका पहाटे तिला पक्षाघात होतो. त्या क्षणी योजनेचे पत्र उपयोगी पडते आणि शासन हजारो रुपये मोजण्यास तयार होते. जे शासन तिच्या गोळीचे पैसे देत नाही, ते तिच्या पक्षाघाताचे पैसे देते! हा केवळ दयेचा अभाव नव्हे. हा हिशेबाचाही अभाव आहे.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून केला. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होते. घट झाली, ती स्वागतार्ह आहे. तरीही शंभरातील जवळजवळ चाळीस रुपये आजारी माणूसच भरतो आहे, आणि खिशातून जाणाऱ्या या पैशांत औषधांचा वाटा फार मोठा आहे. ज्याचे कमावणे थांबले आहे त्याच्या दृष्टीने हे चाळीस रुपये कोणाच्या खिशातून येतात, हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. केंद्राचा वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील वाटा साठ ते एकोणऐंशी वयासाठी दरमहा दोनशे रुपये, एवढाच कित्येक वर्षे राहिला. दोनशे रुपयांत महिन्याचे औषध घ्यावयाचे की महिन्याचे तेल-मीठ, याचे उत्तर कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाने द्यावे.

बाह्यरुग्ण सेवा आणि औषधे देणे शासनाला जमणारच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. शासनाला ते उत्तम जमते. फक्त कोणासाठी करावयाचे ते ठरलेले आहे. १९५४ पासून चालत आलेल्या केंद्र सरकारी आरोग्य योजनेत निवृत्त अधिकाऱ्यास दवाखाना, तज्ज्ञाचा सल्ला आणि नियमित औषधे मिळतात. कर्मचारी राज्य विम्याच्या १९४८ च्या कायद्याखालील नियमांनी, किमान पाच वर्षे विमाधारक असलेल्या निवृत्त कामगारास व त्याच्या जोडीदारास वर्षाला १२० रुपये भरून दवाखान्यासह वैद्यकीय सेवेचा हक्क दिला. म्हणजे कचेरीत बसलेल्याला गोळी मिळाली, कारखान्यात राबलेल्याला गोळी मिळाली; पण ज्याने बाजार समितीत पोती वाहिली, जिने विड्या वळल्या, ज्या जोडप्याने उसाच्या फडात कोयता चालविला, त्यांना फक्त खाट मिळाली. तीही सत्तरीनंतर. २००७ च्या कायद्याने साठाव्या वर्षी माणूस ज्येष्ठ नागरिक ठरतो. केंद्राच्या या विस्तारासाठी तो आणखी दहा वर्षांनी ज्येष्ठ होतो. अंगमेहनतीचे शरीर पन्नाशीतच थकते, हे हमालांच्या आणि ऊसतोड्यांच्या वस्तीत क्षणभर थांबणाऱ्यालाही दिसते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्व कुटुंबांना खुली करून ही दहा वर्षांची पोकळी रुग्णालयीन उपचारांपुरती बुजविली, हे नमूद करावयास हवे. परंतु तिनेही खाटच दिली.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव विचारात घेण्यासारखा आहे. ३० जुलै १९६५ रोजी तेथे पासष्ट वर्षांवरील सर्वांसाठी ‘मेडिकेअर’चा कायदा झाला. भांडवलशाहीच्या त्या माहेरघरातही म्हाताऱ्यांचा विमा खासगी कंपन्यांना पेलला नाही, म्हणून शासनाला तो उचलावा लागला. त्या कायद्याचा एक परिणाम फारसा सांगितला जात नाही. सरकारी पैसा हवा असेल तर १९६४ च्या नागरी हक्क कायद्याप्रमाणे वर्णभेद सोडा, अशी अट रुग्णालयांना घालण्यात आली. आणि पिढ्यान्‌पिढ्या काळ्यांसाठी वेगळे वॉर्ड ठेवणाऱ्या दक्षिणेतील बहुसंख्य रुग्णालयांनी १९६६ च्या काही महिन्यांत ते वॉर्ड एक केले. उपदेशाने जे झाले नाही ते पैशाच्या अटीने झाले. परंतु त्याच कायद्यात घरी घ्यावयाच्या औषधांना जागा नव्हती. ती मिळण्यास २००६ साल उजाडले, म्हणजे चाळीस वर्षे गेली. तेही अशा कायद्याने, की ज्याने औषध कंपन्यांशी किमतीची घासाघीस करण्यास शासनालाच मनाई केली. ही मनाई २०२२ च्या कायद्याने अंशतः उठली आणि पहिल्या दहा औषधांच्या ठरवून घेतलेल्या किमती जानेवारी २०२६ पासून लागू झाल्या. जे कलम आरंभी सुटते ते परत मिळविण्यास दोन पिढ्या झगडावे लागते, हा त्यातील धडा आहे.

आणखी एक धडा अटींचा. आपल्याकडे खासगी रुग्णालयांनी योजनेत यावे की न यावे हे त्यांच्या मर्जीवर आहे, आणि मोठी रुग्णालये शहरांतच आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणातील खासगी रुग्णालयांनी सरकारकडील थकबाकीचे कारण देऊन आयुष्मानचे उपचार थांबविले. त्यात शासनाचा दोष नाही असे नाही; बिले वेळेवर दिलीच पाहिजेत. परंतु ज्या देशात आजारी माणसाचा हक्क रुग्णालयमालक आणि सरकारी तिजोरी यांच्यातील तंट्यावर टांगलेला राहतो, तेथे सरकारी रुग्णालय सशक्त असल्याखेरीज विम्याला आधार नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते. २०२१-२२ मध्ये, तेही महामारीच्या सावटाखाली, तो १.८४ टक्के होता.

पैसा कोठून आणावयाचा, असा प्रश्न येथे हमखास विचारला जातो, आणि तो टाळण्यासारखा नाही. त्याचे उत्तर देशातच आहे. तामिळनाडूने नव्वदच्या दशकातच औषधांची एकत्रित सरकारी खरेदी सुरू करून किमती खाली आणल्या. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषधे देण्यास आरंभ केला. ऑगस्ट २०२१ पासून तामिळनाडूत रक्तदाबाची व मधुमेहाची औषधे रुग्णाच्या घरी पोचविण्याची योजना सुरू झाली. महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार निःशुल्क केले. आता प्रश्न आहे तो कपाटात औषध असण्याचा. ‘बाहेरून आणा’ असे लिहिलेली चिठ्ठी हातात पडली, की निःशुल्क हा शब्द भिंतीवरच राहतो. १९४६ मध्ये भोर समितीने सांगून ठेवले होते, की पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचाराविना राहू नये, आणि त्यासाठी आरोग्यसेवा लोकांच्या शक्य तेवढ्या जवळ असावी. विमा त्या विचाराचा पहिला अर्धा भाग पेलतो. दुसरा अर्धा दवाखान्यानेच पेलावयाचा आहे.

यास्तव कार्यकर्त्यांपुढे काम दुहेरी आहे. पहिले, वस्तीतील सत्तरीच्या पुढील प्रत्येकाची नोंद करून घेणे. आधारवरील जन्मसाल चुकले असेल तर ते आधी दुरुस्त करावे लागेल. अनेक कष्टकऱ्यांचे वय तेथे अंदाजाने लिहिलेले असते. रुग्णालयाने अनामत मागितली अथवा योजनेत बसणाऱ्या उपचाराचे पैसे घेतले, तर १४५५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा पाठपुरावा केला पाहिजे. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवण्याचे बंधन महाराष्ट्रात आहे; त्या खाटा कोणाला मिळतात, हे विचारणारे कोणी तरी दारात उभे असले पाहिजे.

दुसरे काम अधिक चिकाटीचे आहे. दर महिन्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब व मधुमेहाची औषधे शिल्लक आहेत का, हे पाहावयाचे; नसतील तर तारखेसह लिहून ठेवावयाचे, आणि ती वही ग्रामसभेत, पंचायत समितीत, आमदारासमोर वाचावयाची. असंघटित श्रमिकाला साठीपासून रोजची औषधे व तपासणी हक्काने मिळावी, ही मागणी अशा वहीच्या पानांवरच उभी राहील. नुसत्या ठरावांवर ती उभी राहणार नाही. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांनी असंघटित वृद्धांच्या निवृत्तिवेतनासाठी ज्या चिकाटीने देशभर आवाज उठविला, ती चिकाटी गोळीच्या मागणीलाही लागेल.

योजनेचे पत्र घरात आले, की ते देवघरात किंवा पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले जाते. अडीअडचणीला उपयोगी पडेल म्हणून. ते जपावेच. पण ज्या समाजाला आपल्या वृद्धांची खरी काळजी आहे, त्याची इच्छा एवढीच असावयास हवी, की त्या पत्राला पेटीतून बाहेर काढण्याची वेळ शक्यतो येऊ नये. ती वेळ टाळण्याचे साधन फार स्वस्त आहे. ते सकाळी चहाबरोबर पाण्याच्या घोटाने घ्यावयाचे असते.