सोळाव्या वर्षीचा मेन्युहिन आणि पन्नाशीतला

येहुदी मेन्युहिनचं काय ऐकावं असं विचारलं, की जाणकार लगेच सांगतात, ‘लहानपणचं ऐक. पुढे त्याचा हात गेला.’ मला हे पटत नाही. त्याची नंतरची रेकॉर्डिंग्जही ऐकायला हवीत, आणि धारवाडच्या आसपास राहणाऱ्या आपण तर नक्कीच.

१९३२च्या जुलैत लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत त्याने एल्गारचा व्हायोलिन कॉन्चेर्टो वाजवला. कॉन्चेर्टो म्हणजे एकटा वादक आणि त्याच्यासोबत अख्खा वाद्यवृंद. वाद्यवृंदाचं संचालन स्वतः पंचाहत्तर वर्षांचा एल्गार करत होता आणि मेन्युहिन होता सोळा वर्षांचा. बेलूरहून धारवाडला येताना बसमध्ये इयरफोन लावून मी हे ऐकते. खरखरीतूनही तो सूर सहज, न अडखळता येतो. शिकण्याआधीच हाताला आलेलं वाजवणं म्हणतात ते हेच.

पण सहज आलेलं टिकवायचं कसं, हे कोण शिकवणार? युद्धाच्या काळात त्याने सैनिकांसाठी शेकडो कार्यक्रम केले. अंग थकलं, धनुष्याचा हात पूर्वीसारखा ऐकेना. जे विचार न करता येत होतं, ते आता विचार करून करावं लागणार होतं.

१९५२ मध्ये तो भारतात आला आणि मुंबईत बी. के. एस. अय्यंगार यांना भेटला. अय्यंगार मूळचे बेल्लूरचे; आपल्या बेलूरचे नव्हेत हं, कोलारकडच्या. १९३६ मध्ये आपल्या गुरूंबरोबर ते धारवाड भागात आले होते, पुढच्या वर्षी पुण्याला गेले आणि पुण्याचेच झाले. पाच मिनिटांची ठरलेली भेट कितीतरी लांबली. पुढे मेन्युहिनने त्यांना एक घड्याळ भेट दिलं. आपला सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षक, असं त्यावर कोरलेलं होतं. अय्यंगार व्हायोलिन वाजवत नव्हते! जगभर नाव झालेला माणूस छत्तिसाव्या वर्षी श्वास कसा घ्यायचा, उभं कसं राहायचं, हे पहिल्यापासून शिकायला बसला. मला हे सोळाव्या वर्षीच्या चमत्कारापेक्षा मोठं वाटतं.

आता तोच एल्गार पुन्हा ऐका. १९६०च्या दशकात, पन्नाशीच्या आसपास, मेन्युहिनने तो एड्रियन बोल्टच्या संचालनाखाली परत रेकॉर्ड केला. शेवटच्या भागात एक जागा आहे. वाद्यवृंदातली तंतुवाद्यं हलकेच झंकारत राहतात आणि त्यावर व्हायोलिन एकटं, जुन्या सुरावटी आठवत फिरतं. तानपुऱ्यावरची आलापी कानात असलेल्या माणसाला ही जागा समजावून सांगावी लागत नाही. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये मुलगा ती सुंदर वाजवतो. दुसऱ्यात धनुष्य कुठे कुठे थरथरतं, पण प्रत्येक सूर विचारून, पारखून ठेवल्यासारखा येतो.

आपल्या गावाने हे ऐकणं फार पूर्वीच शिकलेलं आहे. मल्लिकार्जुन मन्सूर सत्तरीत गायचे तेव्हा धारवाडात कुणी म्हणालं असेल का, की आवाज विशीतला नाही, सोडून द्या? ख्याल ऐकताना आपण पिकलेपण ऐकतो. मग व्हायोलिन ऐकतानाच चुकलेले सूर मोजत का बसायचं?

प्रश्न फक्त संगीताचा नाही. आपल्या वर्गात चौथीपासून ‘हुशार’ म्हणवून घेत आलेले पुष्कळजण आहेत, आणि पदवीच्या तिसऱ्या वर्षाला ते सहजपण ओसरताना पाहून घाबरलेलेही आहेत. रिॲलिटी शोमध्ये दहा वर्षांच्या पोरांना डोक्यावर घेतात. ती पोरं विशीत काय करतात, हे कोण विचारतं? जे सहज आलं ते गेल्यावर पुन्हा शिकायला बसता येतं, आणि त्यातून येणारा सूर वेगळा असला तरी कमी नसतो, हे आपल्याला कुणीतरी ऐकवायला हवं.

म्हणून मंडळाला माझी एक सूचना आहे. पुढच्या श्रवणसत्रात ही दोन्ही रेकॉर्डिंग्ज पाठोपाठ लावूया, कोणतं कोणत्या वर्षीचं ते आधी न सांगता. मग प्रत्येकाने आपलं मत द्यावं.