जरा निवू द्या

किश ओव्हनमधून काढल्याबरोबर कापायची नसते. वीस मिनिटं, जमलं तर अर्धा तास तिला तशीच राहू द्यावी. तव्यावरचं थेट ताटात पडावं अशी सवय असलेल्या आपल्या घरांना हे जड जातं. पण कडक गरम किशनं नुसती जीभ भाजते, चव लागत नाही. ती निवत जाते तसं आधी लोणी कळतं, मग जायफळ, मग साय. शिवाय सुरीनं कापलेला तुकडा उभा राहतो, ताटात पसरत नाही. रविवारी उशिरा, साडेदहा-अकराला नाश्ता आणि जेवण एकत्रच करायचं असेल, तर याहून चांगला पदार्थ मला माहीत नाही. तो थांबू शकतो, म्हणून.

फ्रान्सच्या ईशान्येला, नान्सी शहराच्या परिसरातला लोरेन प्रांत हे किशचं घर. पूर्वी तिथे तळाला पावाचंच पीठ लाटून घालत आणि वर अंडी, साय आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे. लोण्यातली खुसखुशीत पारी नंतर आली. अंडी-सायीच्या मिश्रणाला लोरेनमध्ये ‘मिगेन’ म्हणतात. जुन्या रीतीत चीज अजिबात नाही; ग्रुयेर चीज घातलेली किश तिथे व्होज डोंगराळ भागाच्या नावानं ओळखली जाते. 1961 साली ज्युलिया चाइल्ड यांनी दोन फ्रेंच सहलेखिकांबरोबर जे गाजलेलं पाकपुस्तक अमेरिकी वाचकांपुढे ठेवलं, त्यातल्या किश लोरेनमध्येही चीज नाही. मी याच पक्षाची. आपल्याकडच्या कॅफेंत मिळणाऱ्या किशमध्ये प्रोसेस्ड चीज, मका, सिमला मिरची असं सगळं ठासून भरलेलं असतं आणि ज्यासाठी हा सारा खटाटोप करायचा ते मऊ, थरथरतं मिगेनच हरवून जातं.

आता पारी. करंजी करणाऱ्या हातांना इथे थोडं उलट वागावं लागतं. करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो; इथे बटर फ्रीजमधून नुकतं काढलेलं, दगडासारखं हवं. 200 ग्रॅम मैद्याला 100 ग्रॅम बटर. बटरचे बारीक तुकडे बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळायचे, पण पूर्ण एकजीव होऊ द्यायचे नाहीत. वाटाण्याएवढे खडे राहिलेले चांगले. हेच खडे भट्टीत वितळतात, त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि पारीला पापुद्रे सुटतात. तीन-चार मोठे चमचे बर्फाचं पाणी शिंपडून पीठ फक्त गोळा करायचं, मळायचं नाही. मळलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि भाजताना पारी कडांवरून खाली आक्रसते. त्यासाठीच गोळा तासभर फ्रीजमध्ये ठेवायचा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या ओट्यावर बटर बघता बघता पाघळतं, तेव्हा लाटलेली पारीही साच्यासकट पुन्हा पंधरा मिनिटं गार करावी. बाजारातलं बहुतेक बटर खारं असतं, म्हणून पिठात वेगळं मीठ नको.

नऊ इंची साच्यात पारी बसवली की काट्यानं टोचे मारून, वर बटर पेपर अंथरून त्यात राजमा किंवा छोले भरायचे आणि ती आधी नुसतीच भाजायची. 190 अंशांवर पंधरा मिनिटं, मग कडधान्य काढून तळ कोरडा, फिकट सोनेरी होईपर्यंत आणखी आठ-दहा मिनिटं. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण टाळू नये. कच्च्या पारीवर पातळ मिश्रण ओतलं तर तळ पिठूळ आणि ओला राहतो, मग वरचं कितीही सुरेख होवो. घरच्या छोट्या ओव्हनमध्ये साचा खालच्या कप्प्यात ठेवावा आणि खालचा रॉड चालू असल्याची खात्री करावी. हे भाजलेलं कडधान्य नंतर शिजवायच्या कामाचं नाही. बरणीत भरून याच कामासाठी ठेवून द्यावं.

मिगेनला तीन अंडी आणि 300 मिलिलिटर साय-दूध. इथे खोक्यात मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश 25 टक्क्यांच्या आसपास असतो, फ्रेंच साय त्याहून दाट. म्हणून मी 200 क्रीम आणि 100 दूध घेते. घरच्या दुधावरची साय नको, ती घुसळताना लोणी सुटू लागतं. मीठ, मिरपूड आणि किसलेलं जायफळ. श्रीखंडात आणि पुरणात भेटणारं जायफळ इथे मिठाच्या संगतीत येतं आणि अंड्याचा उग्रपणा झाकतं. फेस येईपर्यंत फेटायचं नाही, हलकेच मिसळून गाळून घ्यायचं.

खरा जीव पुढच्या आचेत आहे. नुसतं अंडं 65 ते 70 अंशांला घट्ट होऊ लागतं. दूध-सायीत पातळ झालेलं अंडं 80 च्या आसपास. त्याच्या फार वर गेलं की अंड्यातली प्रथिनं आवळली जातात, पाणी सोडतात आणि मिश्रण दाणेदार, भोकाभोकाचं होतं. म्हणून ओव्हन 160 वर आणायचा आणि तीस-पस्तीस मिनिटं धीर धरायचा. कडा बसल्या आणि साचा हलवल्यावर मध्यभाग खरवसासारखा थरथरला की बंद करायचं. मधोमध पूर्ण घट्ट दिसेपर्यंत वाट पाहिली तर उशीर झाला. आतल्या उष्णतेनं ती बाहेर काढल्यावरही शिजतच असते.

भरायला काहीही घ्या, पण ते कोरडं हवं. पालक वाफवून घट्ट पिळलेला, मशरूम पाणी आटेपर्यंत परतलेले, टोमॅटो शक्यतो नकोच. शाकाहारी पण अंडं चालणाऱ्यांसाठी माझी पसंती कांद्याला: तीन-चार कांदे लोण्यात मंद आचेवर पाऊण तास, गोडसर तांबूस होईपर्यंत. गोव्याचं चोरीस हाताशी असेल तर तेही सुंदर लागतं. आधी परतून तेल निथळून घ्यावं आणि मूठभरच घालावं, कारण त्यातली मिरची आणि व्हिनेगर सायीवर लगेच कुरघोडी करतात.

माझी मावशी रविवारी घावन घालायची. “तुम्ही बसा रे, मी गरम गरम वाढते,” म्हणत ती तव्यापाशी उभी. तिचं ताट लागेपर्यंत पहिल्या पंगतीतल्यांचे हात धुऊन व्हायचे, आणि तिच्या वाट्याला शेवटचे दोन घावन आणि उरलेली चटणी. त्या घावनांची चव मला कुठल्याही किशपेक्षा प्रिय आहे, पण तिनं आमच्याबरोबर बसायला हवं होतं असं मला फार वाटतं. माणसं बोलावून उशिराचा नाश्ता करायचा तर गप्पा मारायला रांधणारीही टेबलाशी हवी. म्हणूनच मी पारी शनिवारी दुपारी भाजते, कांदा संध्याकाळी, आणि सकाळी साडेनऊला मिगेन ओतून ओव्हन लावते. पाहुणे येईपर्यंत किश बाहेर निवत असते आणि मी कोरडे हात घेऊन दार उघडते.

शेजारी काहीतरी आंबट, कच्चं आणि करकरीत असू द्या: लेट्यूस किंवा कोवळ्या मुळ्याची पानं, वर लिंबू, मोहरीची पेस्ट आणि थोडं तेल. बटाट्याचे वेफर्स नकोत, पावही नको, पारी आहेच. उरलेले तुकडे फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतात. खाण्याआधी 150 अंशांवर दहा मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये मात्र घालू नका, पारी चामट होते.