डागी सफरचंद ज्यूसला नको

फळ टाकायचं आपल्या जिवावर येतं. पेटीतलं एखादं सफरचंद एका बाजूनं मऊ पडलं की घरात कुणीतरी म्हणतंच, "राहू दे, ज्यूसला होईल." बाजारातही फारसं वेगळं चालत नाही. चकचकीत माल समोर, डागी माल स्वस्तात, आणि त्याचं गिऱ्हाईक पुष्कळदा ज्यूसवालाच. काटकसर म्हणून ही सवय समजण्यासारखी आहे, पण सफरचंदाच्या बाबतीत ती सोडायला हवी. का, ते सांगतो.

सफरचंदाला मार बसला, साल फाटली, की तिथून निळी बुरशी आत शिरते. पेनिसिलियम एक्स्पान्सम हे तिचं शास्त्रीय नाव. आधी फिकट तपकिरी, पाणचट डाग पडतो. अंगठ्यानं दाबला तर अंगठा आत जातो. मग त्यावर निळसर-हिरवी बुरशी उगवते आणि कोंदट, मातकट वास येतो. ही बुरशी पॅट्युलिन नावाचं विष तयार करते. बुरशी डोळ्यांना दिसते, पण रसात उतरलेलं पॅट्युलिन दिसत नाही आणि साखर, बर्फ, चाट मसाला घातलेल्या ग्लासात ते जिभेलाही कळत नाही.

गंमत म्हणजे हे कधीकाळी औषध म्हणून तपासलं गेलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, पेनिसिलिनचा गाजावाजा चालू असताना, ब्रिटनमध्ये सर्दीवर ते हजाराहून जास्त लोकांना देऊन पाहिलं. सर्दीला काही फरक पडला नाही. पुढे त्याचे विषारी गुण ध्यानात आले आणि औषधांच्या यादीतून ते विषांच्या यादीत गेलं.

"उकळून घेऊ" म्हणाल, तर त्याचा फारसा उपयोग नाही. आंबट रसात पॅट्युलिन उष्णतेला चांगलंच टिकून राहतं. पाश्चरीकरणानं जंतू मरतात, हे बरंचसं तसंच राहतं. ते पाण्यात विरघळतं, त्यामुळे घरच्या गाळणीनंही हाती काही लागत नाही. म्हणजे फळ मिक्सरमध्ये जाण्याआधी जे निवडून टाकाल, तेवढंच खरं.

घाबरवायचं नाही. एक ग्लास प्यायला आणि माणूस आडवा झाला, असं हे प्रकरण नाही. जनावरांवरच्या प्रयोगांत मोठ्या मात्रेनं पोटाला-आतड्यांना इजा झाली. माणसाला त्यानं कर्करोग होतो, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं म्हटलेलं नाही. प्रश्न रोज थोडं थोडं पोटात जाण्याचा आहे, आणि त्यातही लहान मुलांचा. भारतात सफरचंदाच्या रसाला किलोमागे ५० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. अमेरिका-युरोपातही रसासाठी तीच. आता हिशेब करा. तज्ज्ञांनी दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागे ०.४ मायक्रोग्रॅम ही वरची पातळी धरली आहे. दहा किलोच्या मुलाला ती होते ४ मायक्रोग्रॅम. मर्यादेच्या काठावरच्या रसाचा २०० मिलिलीटरचा ग्लास त्याला दिला, तर पोटात गेले १० मायक्रोग्रॅम. रस कायद्यात बसतो, मूल बसत नाही! म्हणूनच युरोपनं बाळांच्या आहारासाठी ही मर्यादा १० वर आणली. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ तर दोन वर्षांखालच्या मुलाला फळांचा रस देऊच नका म्हणतात, आणि दोन ते पाच वयाला दिवसाला १२५ मिलिलीटरच्या वर नको. कारणं इतरही आहेत, साखर, दात, भूक. पण सल्ला ऐकण्याजोगा आहे. बाळाला सफरचंद द्यायचंच तर चांगलं फळ निवडून, वाफवून, कुस्करून द्या.

घरी ज्यूस करताना प्रत्येक सफरचंद आधी मधोमध कापा. अख्खं फळ गिळणाऱ्या ज्यूसरमध्ये तसंच ढकलू नका, कारण बाहेरून लालबुंद दिसणाऱ्या फळात बियांच्या कप्प्यात बुरशी असू शकते. देठाच्या उलट टोकाचा खळगा आतपर्यंत उघडा असला की ती तिथून शिरते. कप्पा काळपट किंवा केसाळ दिसला तर फळ बाजूला. मार लागून नुसतं तपकिरी झालेलं, पण घट्ट असलेलं फळ चालतं. तेवढा भाग काढा आणि लगेच खा. मऊ, पाणचट, वास मारणारं मात्र अख्खं टाका. कुजका भाग कापला तरी विष थोडं आजूबाजूच्या गरातही उतरलेलं असतं, आणि सुरी नेमकी कुठे थांबवायची हे डोळ्यांना समजत नाही.

ज्यूस सेंटरवर उभे राहिलात तर फळ आपल्यासमोर कापायला सांगा. भिडेपोटी गप्प बसू नका. पैसे आपण मोजतो. आधीच चिरून डब्यात भरून ठेवलेल्या फोडी असतील तर दुसरं काहीतरी प्या. खोक्यातला रस घेताना परवाना क्रमांक आणि तारीख बघा, फुगलेला किंवा गळका खोका उचलू नका, उघडलेला फ्रीजमध्ये ठेवून वेष्टनावर लिहिलेल्या दिवसांत संपवा. तोंडाशी बुरशीचा पापुद्रा दिसला तर वरचं काढून खालचं पिऊ नका. तक्रार करायची तर खोका आणि बिल जपून ठेवा आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात द्या.

आणि ज्यूस सेंटर चालवणाऱ्या मंडळींना एक विनंती. स्वस्तातली डागी पेटी घेऊ नका. घेतलीतच, तर कुजकं फळ वेगळं काढून फेका. त्यापायी ग्लास पाच रुपयांनी महाग झाला तर होऊ द्या. गिऱ्हाइकाला कारण सांगा, तो देईल.